बायकांची शर्यत येईपर्यंत

वेल्सेखेम गावात फिर्मिनला सगळे ‘अध्यक्ष’ म्हणत. तो नगरपालिकेचा अध्यक्ष नव्हता की चर्चच्या समितीचा. तो वान्नेसच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष होता, आणि आमच्याकडे हा मान काही लहान नाही. चौतीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली; पण ‘बसवाला फिर्मिन’ असं त्याला कुणी कधी म्हटलं नाही.

वान्नेस हा पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याचा मुलगा. एकविसाव्या वर्षी त्याला सायकल शर्यतींच्या एका व्यावसायिक संघानं घेतलं, आणि त्याच संध्याकाळी सिदोनीच्या कॅफेत चार टेबलं जोडून मंडळ उभं राहिलं. निळी जाकिटं शिवली गेली. पाठीवर वान्नेसचं नाव, छातीवर गावाचं. वसंत ऋतू आला की दर रविवारी मंडळाची बस निघायची. कुठल्या तरी चढावर सकाळपासून जागा धरायची, पावसात उभं राहायचं, सॉसेज भाजायचे, बिअर प्यायची, आणि वान्नेस समोरून जाईल त्या दहा सेकंदांत घसा फुटेपर्यंत ओरडायचं. वान्नेस मोठा विजेता कधीच झाला नाही. पण तो आमचा होता, आणि फिर्मिननं त्याच्यासाठी फ्रान्सपर्यंत बस नेली होती.

या सगळ्या गडबडीत फिर्मिनची मुलगी मोठी झाली. योलीन तिचं नाव. मंडळ निघालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. फलकांवरची अक्षरं तीच रंगवायची, जमिनीवर पालथी पडून, जीभ बाहेर काढून. बाराव्या वर्षी तिनं स्वतः सायकल हाणायला सुरुवात केली. फिर्मिननं अडवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पहिली दोन वर्षं तो तिला आसपासच्या गावांतल्या जत्रेच्या शर्यतींना घेऊन गेला, टायरमध्ये हवा भरून दिली, पडली तेव्हा गुडघा धुऊन दिला. मग तिच्या शर्यती आणि वान्नेसच्या शर्यती एकाच रविवारी येऊ लागल्या. तेव्हा योलीनबरोबर तिची आई जायला लागली आणि फिर्मिन मंडळाबरोबर. हे कुणी ठरवलं असं नाही. तसं पडत गेलं.

मंडळात मात्र त्याचा एक विनोद ठरलेला होता. दर एप्रिलातल्या मोठ्या शर्यतीच्या दिवशी आमच्या एल्सबेर्खच्या चढावरून आधी पुरुष जातात आणि साधारण दीड तासानं बायका. पुरुष गेले की फिर्मिन हात वर करून म्हणायचा, “चला रे! बायका येईपर्यंत बिअर कोमट होते!” सगळे हसत आणि त्याच्या मागोमाग उतरत. योलीन एकोणीस वर्षांची असताना एकदा त्याला जेवायला बोलवायला कॅफेत आली आणि दारात उभं राहून तिनं तोच विनोद त्याच्या तोंडून ऐकला. कुणीतरी म्हणालं, “अध्यक्ष, पोरगी आहे मागे.” फिर्मिन वळला आणि म्हणाला, “अगं, गंमत!” ती म्हणाली, “कळतं मला. सूप निवतंय.” तेवढंच.

नऊ वर्षांपूर्वी, बाविसाव्या वर्षी, ती पहिल्यांदा मोठ्या शर्यतीत उतरली. आदल्या दिवशी जेवताना तिनं काटा खाली ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाबा, उद्या एल्सबेर्खवर असशील ना?”

“मी नसेन तर कोण असेल?”

“नाही, म्हणजे माझ्या वेळेला. चढावर मारिया मातेची छोटी देवळी आहे ना, तिच्या डाव्या बाजूला उभा राहा. तिथंच माझे पाय संपतात. तिथं कुणीतरी लागतं.”

“राहीन की! त्यात काय विचारायचं?”

 लीव्हा, फिर्मिनची बायको आणि योलीनची आई, शेजारीच बसली होती. ती ऐकत होती. ती दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन शेवटच्या रेषेशी जाणार होती, नेहमीसारखी, थर्मासमध्ये सूप घेऊन.

आणि त्याच दिवशी वान्नेसला आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस लाभायचा होता. एल्सबेर्खवर तो पुढच्या सहाजणांत होता. फिर्मिननं आपल्या डोळ्यांनी पाहिलं: तोंड उघडं, गालांवर चिखल, पण पाय फिरत होते. मंडळाला वेड लागायचंच बाकी राहिलं. सगळे धावत खाली कॅफेत, टीव्हीसमोर. फिर्मिन म्हणाला, पाच मिनिटं बघतो आणि वर येतो. वान्नेस तिसरा आला. तिसरा! बत्तीस वर्षांचा आमचा बेकरीवाल्याचा पोरगा! सिदोनीनं पिंप उघडलं, लोकांनी फिर्मिनला खुर्चीसकट उचललं. त्या गोंधळात त्याला शर्यतीचं चित्रण करणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज ऐकू आला. बायकांची शर्यत वर चढावरून जात होती. त्याच्या मनात आलं, उठावं. हातात कुणीतरी पेला दिला. आवाज पुढं गेला.

संध्याकाळी योलीन घरी आली तेव्हा तिचे केस ओले होते आणि कोपराला पट्टी होती. फिर्मिन दारातच सुरू झाला. “पाहिलं मी तुला! देवळीच्या डाव्या बाजूला होतो. पाचवी-सहावी होतीस ना? असा ओरडलो, असा ओरडलो, हे बघ, आवाजच बसलाय!” आवाज खरंच बसला होता.

स्वयंपाकघरात लीव्हा भांडी घासत होती. तिचे हात थांबले.

योलीननं वडिलांकडं पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाली, “हो, ऐकू आलं मला.” आणि वर झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिर्मिननं वर्तमानपत्र उघडलं, वान्नेसचा फोटो कापून ठेवायला. फोटोखाली पुरुषांचे निकाल होते, त्याखाली बारीक अक्षरांत बायकांचे, आणि अगदी तळाशी शर्यत अर्धवट सोडलेल्यांची नावं. त्यात योलीनचं नाव होतं. शेजारच्या दोन ओळींच्या बातमीत लिहिलं होतं की पंचाहत्तराव्या किलोमीटरला दहा-बारा मुली एकमेकींवर पडल्या. एल्सबेर्ख येतो एकशे दहाव्याला. ती एल्सबेर्खला पोचलीच नव्हती.

तो बराच वेळ कात्री हातात धरून बसला. लीव्हा कॉफी घेऊन आली.

“तुला माहीत होतं?” त्यानं विचारलं.

“मीच तर आणायला गेले होते तिला.”

“मग काल बोलली का नाहीस?”

“ती म्हणाली, राहू दे आई. आज त्याचा एवढा आनंदाचा दिवस आहे.”

त्या क्षणी वर जाऊन तिच्या खोलीचं दार ठोठावलं असतं तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. फिर्मिनला ते तेव्हाही कळत होतं. पण ती झोपली होती, मग ती सरावाला गेली, मग दुपारी कॅफेत वान्नेसचा सत्कार होता. पुढच्या रविवारी बोलू असं त्यानं ठरवलं. पुढच्या रविवारी ती स्पेनला होती. अशा गोष्टी जितक्या लांबतात तितक्या जड होतात. वर्षभरानं तर त्यानं स्वतःलाच समजावलं की ती विसरलीही असेल.

ती विसरली नव्हती हे एकाच गोष्टीवरून कळत होतं. त्यानंतर तिनं ‘बाबा, असशील ना?’ असं कधी विचारलं नाही. ती रागावली नाही, घरी येत राहिली, नाताळला त्याला चांगला स्वेटर आणला. फक्त विचारलं नाही.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट पुढंच होती. दोन वर्षांनी फिर्मिन खरोखर थांबला. पाऊस होता, मंडळ खाली गेलं होतं, आणि हा छत्रीखाली देवळीशी उभा राहिला. योलीन गेली, मधल्या घोळक्यात, मान खाली घालून. त्यानं पाहिलं. घरी आल्यावर ती समोर बसली होती, आणि ‘आज मी पाहिलं तुला’ हे वाक्य त्याच्या तोंडात आलं. पण हे वाक्य त्यानं आधीच एकदा वापरलं होतं. आता ते कोण खरं मानणार? त्यानं विचारलं, “बटाटे घेतेस आणखी?”

त्यानंतर वान्नेस निवृत्त झाला आणि बेकरीत बसला. मंडळ नावापुरतं राहिलं. योलीन लेउवन शहराकडे राहायला गेली. ती जिंकली नाही कुठंच. ती दुसऱ्यांना जिंकवणाऱ्यांपैकी होती. वाऱ्यात पुढं राहायचं, पाण्याच्या बाटल्या आणायच्या, आणि चढ सुरू झाला की बाजूला व्हायचं. फिर्मिन हे सगळं वर्तमानपत्रात वाचायचा. ती या एप्रिलनंतर सायकल सोडणार आहे हेही त्याला वर्तमानपत्रातूनच कळलं. खरं म्हणजे सिदोनीनं कॅफेत वाचून दाखवलं. “अध्यक्ष, हे काय रे? तू बोलला नाहीस!” आणि तो म्हणाला, “योग्य वेळी सांगणारच होतो.”

घरी येऊन त्यानं लीव्हाला विचारलं. तिला जानेवारीपासून माहीत होतं.

“यंदा माझ्याबरोबर चल,” लीव्हा म्हणाली. “शेवटच्या रेषेशी. तिथं निदान ती भेटते तरी.”

“नाही. मी एल्सबेर्खवर उभा राहणार. देवळीच्या डाव्या बाजूला.”

लीव्हानं कपडे घडी करता करता त्याच्याकडं न बघता म्हटलं, “फिर्मिन, ती तिथं तुला शोधत नाही रे आता.”

तरीही तो गेला. निळं जाकीट न घालता, साधा करडा कोट घालून, सकाळी दहालाच. थंडी होती, ऊन होतं. चढावर दुतर्फा माणसं, आमच्या प्रांताच्या पिवळ्या झेंड्यांवरचे काळे सिंह वाऱ्यावर फडफडत होते, तळलेल्या बटाट्यांचा वास सगळीकडं. मंडळाची उरलेली आठ-दहा माणसं आली, वान्नेसही आला. एक्केचाळीस वर्षांचा झाला होता आणि पोट सुटलं होतं. लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. पुरुष आले, गेले. गोल दगडांवरून टायर धडधडत गेले, मोटारसायकली, गाड्या, धूळ. आणि मग एकदम शांतता. माणसं खुर्च्या मिटू लागली.

“चला अध्यक्ष!” मंडळातला कुणीतरी ओरडला. “बायका येईपर्यंत बिअर कोमट होते!”

सगळे हसले. फिर्मिन हसला नाही. “तुम्ही व्हा पुढं. मी थांबतोय.”

“कशाला?” वान्नेसनं विचारलं.

“योलीन यायची आहे.”

“हो की! शेवटची शर्यत ना तिची?” वान्नेसनं कपाळावर हात मारला. तो क्षणभर घुटमळला. “थांबू का मी पण?”

“नको. टेबल धर जा.”

ते गेले. पायवाटेवर त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. चढावर आता विरळ माणसं उरली, बरीचशी तरुण मुली आणि त्यांच्या आया. फिर्मिन देवळीपाशी आला तेव्हा त्याला दिसलं की रस्त्यावर पांढऱ्या रंगात नाव लिहिलंय. योलीन. दगडादगडांवरून वाकडीतिकडी गेलेली, हातभर उंच अक्षरं. शेजारी हिरव्या रेनकोटातली पन्नाशीची बाई हाताला लागलेला रंग चिंधीनं पुसत होती.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“पहाटे पाचला येऊन,” बाई अभिमानानं म्हणाली. “गेंटहून आलेय. तिथं दवाखान्यात नर्स आहे. तुम्हीही तिच्यासाठी थांबलाय?”

“हो.”

“मग तुम्ही जाणकार. बाकी सगळे पहिल्या येणाऱ्यांना बघतात.” आणि मग ती जी बोलायला लागली ती थांबेना. फ्रान्समध्ये एका शर्यतीत योलीननं आपलं चाक काढून संघातल्या दुसरीला दिलं आणि स्वतः रस्त्याच्या कडेला सहा मिनिटं उभी राहिली, ते. हॉलंडमध्ये गारपिटीत एकटीनं तीस किलोमीटर पुढं ओढलं, ते. एकदा शर्यतीनंतर या बाईनं तिला सही मागितली तर योलीननं आधी विचारलं, रात्रपाळी करून आलात का, डोळे लाल दिसतायत. फिर्मिन मान डोलवत होता. यातलं एकही त्याला माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं त्यानं या गावातल्या प्रत्येक चढावर, प्रत्येक वळणावर रंगाचा डबा घेऊन वान्नेसचं नाव लिहिलं होतं. हे नाव त्यानं कधी लिहिलं नव्हतं.

“तुम्ही कोण तिचे?” बाईनं विचारलं. “नातेवाईक?”

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला लाज वाटली. आत्ता बाप म्हणून सांगितलं तर ही बाई विचारणार, मग तो गारपिटीचा दिवस तुम्हाला आठवत असेल ना?

“गावातलाच आहे,” तो म्हणाला.

हेलिकॉप्टर आलं. पोलिसांच्या मोटारसायकली आल्या, आणि मग पहिल्या तिघी, इतक्या वेगानं की त्यांची तोंडं दिसली नाहीत. मग वीसजणींचा घोळका. बाई टाचा उंचावून शोधत होती. “नाही. यात नाही. तिनं पायथ्याशीच दुसरीसाठी सगळा जोर लावला असणार. आता मागून येईल.” आणखी एक घोळका. मग दोघी. मग संघांच्या गाड्या. मग कुणीच नाही. फिर्मिन कडेच्या दोरीवरून वाकून खाली बघू लागला. पुन्हा पडली की काय?

आणि मग ती आली. अगदी एकटी, नागमोडी, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. गळ्यापर्यंत मातीनं माखलेली. फिर्मिननं आवाज काढायला श्वास घेतला, आणि नेमकं त्याच वेळी, देवळीच्या दहा पावलं खाली, कट्‌ असा आवाज झाला. चेन पडली. तिनं पाय टेकला, खाली वाकली, बोटांनी चेन दात्यांवर चढवू लागली. चेन चढली. पण त्या उभ्या चढावर, त्या दगडांवर, थांबलेली सायकल पुन्हा सुरू करणं कुणालाच जमत नाही. हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

फिर्मिन दोरीखालून केव्हा गेला ते त्यालाच कळलं नाही. त्यानं एका हातानं सायकलची सीट धरली. ती वर चढली, बूट पॅडलांत अडकवले. दुसरा हात त्यानं तिच्या पाठीवर ठेवला आणि ढकलायला सुरुवात केली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, दगडांवरून धावत. तिची पाठ गरम होती, ओली होती, नंबराच्या कागदाखाली हाडं लागत होती. इतक्या वर्षांत त्यानं तिच्या पाठीवर असा हात ठेवला नव्हता. “जोर लावा काका, जोर!” मागून गेंटची बाई किंचाळत होती. योलीनची मान खालीच होती. तिला दिसले असतील तर फक्त त्याचे बूट. त्याला नाव घ्यायचं होतं, पण धाप अशी लागली होती की शब्द फुटेना. वीस-बावीस पावलं झाली. पॅडल फिरू लागलं, सायकल त्याच्या हातातून पुढं सुटली.

“थँक्यू हं, काका!” ती मागं न बघता म्हणाली आणि वळणावरून दिसेनाशी झाली.

तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. बाई धावत आली, तिनं त्याला पाणी दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “नशीबवान आहात,” ती म्हणाली. “गावात सांगा सगळ्यांना.”

त्यानं कुणाला सांगितलं नाही. तो कॅफेत उतरला, टेबलाशी बसलेल्या वान्नेसजवळ गेला आणि म्हणाला, “मला शेवटच्या रेषेशी सोड. आत्ता.”

“अरे, बस तरी. हे काय, कपाळावर घाम? बिअर घे.”

“वान्नेस, आयुष्यात तुझ्याकडं काही मागितलं नाही मी.”

वान्नेस उठला. बेकरीच्या गाडीतून दोघं निघाले. मागं रिकामे ट्रे खडखडत होते. गाव मागं पडलं. मग वान्नेस म्हणाला, “मी तिसरा आलो ना त्या साली, त्या आधीचा सगळा हिवाळा ती माझ्याबरोबर सराव करायची. रोज सकाळी कालव्याच्या कडेनं.”

“माहीत आहे. तुझ्या मागं राहून शिकायची.”

“मागं?” वान्नेसनं त्याच्याकडं पाहिलं. “अध्यक्ष, ती पुढं असायची. वाऱ्यात. डिसेंबरात मी सोडूनच देणार होतो सगळं. तीच घरी येऊन दार वाजवायची, ऊठ म्हणायची. तुला बोलली नाही कधी?”

“नाही.”

“मला वाटलं तुला माहीत असणार,” वान्नेस म्हणाला आणि त्यानंतर त्यानं रस्त्याकडंच लक्ष दिलं.

संघाची बस शहराच्या मैदानात उभी होती. योलीन घडीच्या खुर्चीवर बसून टॉवेलानं पाय पुसत होती. लीव्हा शेजारी उभी राहून सूप ओतत होती. फिर्मिनला पाहून दोघींचे हात थांबले.

“बाबा? तू इथं?” योलीनच्या आवाजात खराखुरा आश्चर्याचा सूर होता, आणि तोच त्याला लागला.

त्यानं वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. तो म्हणाला, “त्या वर्षी मी तुला पाहिलं नव्हतं. मी कॅफेत होतो.”

लीव्हानं थर्मास खाली ठेवला आणि बसच्या पलीकडं गेली.

“माहीत आहे, बाबा,” योलीन म्हणाली. “तेव्हाच माहीत होतं.”

“मी खोटं बोललो.”

“अरे, त्याचं एवढं नाही वाटलं मला. माणूस बोलतो कधी.” ती टॉवेलाची घडी करत राहिली. “पण तू मला पाहिलं म्हणालास ना, मग मी पडले हे तुला सांगताच येईना. आणि मला सांगायचं होतं. माझ्या अंगाखाली एक मुलगी होती, हलतच नव्हती. मला वाटलं मी मारली तिला. गाडीत येताना मी सगळा वेळ ठरवत होते, घरी गेले की बाबाला सांगायचं. आईला नाही, तिला झोप लागली नसती. तुला सांगायचं होतं.”

 फिर्मिननं विचारलं, “काय झालं त्या मुलीचं?”

“बरी झाली. डेन्मार्कची होती.”

“आता सांग ना मला. सगळं सांग.”

ती हसली. वाईट हसली नाही. लहान मुलाचं मन राखावं तशी हसली. “आता काय सांगू? नऊ वर्षं झाली. नीट आठवतही नाही.”

लीव्हा परत आली, तिच्या हातात तळलेल्या बटाट्यांचे तीन कागदी द्रोण होते. तिघं उभ्या उभ्या खाऊ लागले. योलीन आईला दिवसभराचं सांगत होती: पायथ्यापर्यंत वारा कसा आडवा होता, संघाची पुढारीण कशी पुढं सुटली, आणि मग, “एल्सबेर्खवर तर मजाच. चेन पडली, देवळीच्या खालीच. म्हटलं, संपलं, आता चालत जायचं, शेवटच्या दिवशी! तर कुणीतरी भला माणूस आला आणि वरपर्यंत ढकललं मला. म्हातारा असावा. काय धापा टाकत होता बिचारा! चेहराही पाहिला नाही मी त्याचा.”

लीव्हानं फिर्मिनकडं पाहिलं. त्याच्या उजव्या बाहीवर माती होती, आणि विजारीला चेनचं काळं तेल लागलेलं होतं. तिनं ते पाहिलं, पुन्हा त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि वाट बघत राहिली.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. फिर्मिननं ते वाक्य मनात म्हणूनही पाहिलं. ऐकल्यावर योलीन त्याच्याकडं कशी बघेल तेही त्याला दिसलं: थोडा वेळ बघेल, मग मान डोलवेल आणि म्हणेल, हो का बाबा? तिला खरं वाटलं तरी ती तसंच म्हणेल आणि खोटं वाटलं तरी तसंच. कुठलं ते त्याला कधीच कळणार नव्हतं. तिला पुन्हा त्या जागी उभं करायची त्याला हिंमत झाली नाही.

“चांगली माणसं असतात चढावर,” तो म्हणाला.

“असतात,” योलीन म्हणाली आणि त्याच्या द्रोणातला एक बटाटा उचलला.

मे महिन्यात ती डेन्मार्कला गेली. तिथल्या एका क्लबात तरुण मुलींना शिकवण्याचं काम तिला मिळालं. आता रविवारी फोन येतो. आधी ती लीव्हाशी बोलते, मग फोन फिर्मिनकडं येतो. तो मुलींची नावं विचारतो, कोण चढाला चांगली, कोण घाबरते. नावं अवघड आहेत, तो कागदावर लिहून ठेवतो. योलीन सगळ्याची उत्तरं देते, नीट, न कंटाळता, आणि चार-पाच मिनिटांत दोघांचंही बोलणं संपतं.

पुढच्या एप्रिलात तो पुन्हा एल्सबेर्खवर गेला. पुरुष गेले, मंडळी उतरली, तो थांबला. बायका आल्या. पुढच्या, मधल्या, मागच्या. त्यात त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. शेवटची गाडी जाईपर्यंत तो तिथंच उभा होता. मग दोरी गुंडाळणाऱ्या पोलिसाला त्यानं विचारलं, सगळ्या गेल्या ना, आणि पोलीस हो म्हणाल्यावर शेतातल्या वाटेनं घरी गेला.